सालपटांची टोपली

चिंचवेल गावात, नदीच्या पलीकडच्या काठावर, पडक्या धर्मशाळेच्या ओसरीत श्रीटोपलेमहाराजांचा मुक्काम होता. महाराजांचं मूळ नाव काय, गाव कोणतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एका चैत्रात ते डोक्यावर बांबूची टोपली पालथी घालून गावात आले. कोणीतरी विचारलं, "बुवा, टोपली डोक्यावर कशाला?" महाराज म्हणाले, "ऊन आहे म्हणून." भिक्षेला निघाले की तीच टोपली उताणी होई. भाकरी तिच्यात, कांदा तिच्यात, वाटेत एखादं लंगडं पिल्लू भेटलं तर तेही तिच्यातच, भाकरीच्या शेजारी. गावातल्या ज्ञानी मंडळींना यात फार गूढ अर्थ दिसे. बायकांना एवढंच दिसे की बुवा उपाशी आहेत आणि पिल्लूही, म्हणून त्या दोघांपुरतं वाढत. महाराजांना बायकांनी लावलेला अर्थ जास्त पसंत होता.

या गावात बालाजीचा मोठा रथ होता. आश्विनातल्या एकादशीला सकाळी तो देवळापुढून निघे आणि दिवस कलताना नदीवर पोचे. तीन मजली सागवानी रथ, पुरुषभर उंचीची चाकं, त्यांच्या कडांवर चढवलेल्या जाड लोखंडी पट्ट्या, म्हणजे धावा. दोरखंड ओढायला शेकडो माणसं लागत, पण रथानं कुठं वळायचं, किती पळायचं, कुठं उभं राहायचं, हे ठरवणारी माणसं दोनच. उखा भोई आणि त्याचा धाकटा भाऊ झिपरू. हे दोघे मोगरीवाले.

मोगरी म्हणजे लांब दांड्याची, पुढून पाचरीसारखी उतरती अशी बाभळीची जड ठोकळी. चालत्या चाकाखाली ती तिरकी सरकवली की रथ वळतो, आडवी घातली की थांबतो. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं तर चाक आणि हात यांत बोटभर अंतर असतं, आणि कामही रोजचं नाही, वर्षातून एकदाच. उखाच्या घरात सात पिढ्या हेच काम. त्याच्या बापानं त्याला लहानपणी दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. मोगरीला तेल लावायचं नाही, नदीची वाळू घासायची. आणि चाकाकडे बघायचं नाही, चाकापुढच्या जमिनीकडे बघायचं.

आता रथाचा नियम ऐका. वाटेत सात मानाची घरं, म्हणून सात थांबे. रथ जिथं थांबेल त्या दारची आरती देवानं घ्यायची, ही जुनी चाल. आरती न घेता देव पुढे गेला तर तो उपाशी गेला, असं मानत. त्यामुळे सात दारं सोडून कुठंही आडवी मोगरी घालायची नाही. घातली तर मोगरी जप्त. वेशीपासून नदीपर्यंतच्या उताराला लोक देवाची उतरण म्हणत. त्या उतरणीवर एकही थांबा नव्हता. का नव्हता? तर तिथं बुरूड आळी आणि भोई आळी. तिथं आरती कोण करणार, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असावं. उखा सात पिढ्यांचा मानकरी खरा, पण त्याच्या स्वतःच्या आळीतून देव दरवर्षी न थांबता जाई. याचं उखाला कधी काही वाटलं नाही. सवय फार मोठी गोष्ट असते.

त्या वर्षी रथ उतरणीला लागला. रथावर केळी उधळायची चाल असल्यानं रस्त्यावर केळ्यांचा आणि सालींचा सडा पडलेला. रथाच्या पहिल्या मजल्यावर देवस्थानचे वहिवाटदार श्रीधरपंत चांदीच्या दांड्याची चवरी घेऊन बसले होते. पंत शिस्तीचे, निर्मळ हाताचे, पण आपण वर बसलो आहोत याचा त्यांना कधी विसर पडत नसे.

बुरूड आळीच्या तोंडाशी भागाबाई राहायची. सत्तरीची, एकटी, टोपल्या विणून पोट भरणारी आणि दोन्ही कानांनी ठार बहिरी. समोर पडलेलं देवाचं केळं उचलायला ती वाकली, पाय सालीवरून सरकला आणि म्हातारी रस्त्याच्या मधोमध बसली, रथाकडे पाठ करून. लोक ओरडले. तिला काय ऐकू येणार? ती आपली केळ्याला लागलेली माती पदरानं पुसत होती.

उतारावरचा रथ कोणी ओढत नसतं, तोच माणसांना पुढं ढकलत असतो. मोगरी तिरकी लावावी तर रथ भिंतीकडे वळणार, आणि भिंतीला माणसं चिकटून उभी. उखानं झिपरूकडे पाहिलं. झिपरूनं उखाकडे पाहिलं.

"आडवी!" उखा ओरडला.

दोन्ही मोगऱ्या एकाच क्षणी खाली गेल्या. रथ कडाडला आणि थांबला. वरचा कळस निखळून खाली आला, त्याला चांगलाच पोचा पडला. श्रीधरपंत पहिल्या मजल्यावरून थेट केळ्यांच्या ढिगात आले. पगडी एकीकडे, चवरी दुसरीकडे. मागून कोणा बाईनं विचारलं, "काय गं माय, देव उतरला का?" दुसरी म्हणाली, "नाही बाई, पंत उतरले." आणि आळीभर हशा पिकला. पंतांना लागलं नव्हतं, पण तो हशा मात्र फार लागला.

भागाबाईनं वळून पाहिलं. चाक वीतभर अंतरावर आणि वर साक्षात बालाजी! तिला वाटलं, देव आज आपल्या दारी थांबला. आपण मरता मरता वाचलो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. ती धडपडत उठली आणि दिवा आणायला घरात पळाली.

"ओढा रथ!" पंत गरजले. "क्षणभर थांबवू नका!"

म्हातारी दिवा लावून बाहेर आली तेव्हा रथ नदीकडे वळत होता. तिच्या हातातला दिवा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभामंडपात पंच बसले. उखा आणि झिपरू पायरीखाली उभे. मधोमध पोचा पडलेला कळस ठेवला होता, साक्षीदारासारखा.

"नियम माहीत होता?" पंतांनी विचारलं.

"माहीत होता, पंत."

"मोडलास?"

"मोडला. म्हातारी मेली असती, पंत."

"देवाच्या रथाखाली मेली असती, मोक्ष मिळाला असता! तुझ्यापायी देव उपाशी पुढे गेला, कळसाला पोचा आला, त्याचं काय?"

दोघंतिघं कसंनुसं हसले. तेवढ्यात मागून, चपलांच्या ढिगाजवळून आवाज आला, "पंत, मोक्ष इतका जवळ आहे होय? मग पुढच्या वर्षी आपण दोघं आडवे होऊ. म्हातारीला कशाला पुढं करायचं?"

टोपलेमहाराज भिक्षेला आले होते. डोक्यावर टोपली तशीच.

पंतांचा चेहरा तांबडा झाला. "टोपलीत भाकऱ्या गोळा करणाऱ्यानं देवस्थानच्या कारभारात बोलू नये."

"तेही खरंच," महाराज म्हणाले आणि खरंच गप्प बसले.

निवाडा झाला. उखाच्या घराण्याची मोगरी कायमची काढून घेतली. पुढं रथाला हात लावला तर दोघांना बायकापोरांसकट गाव सोडावं लागेल, आणि मोगऱ्या देवळाच्या मुदपाकखान्यात चुलीत घालाव्यात. हे शेवटचं ऐकलं आणि इतका वेळ ताठ उभा राहिलेला उखा भिंतीला टेकला.

"चुलीतच घालायच्या तर मला द्या," महाराज म्हणाले. "थंडी येते आहे."

पंतांना हे बरंच वाटलं. सात पिढ्यांच्या त्या दोन मोगऱ्या महाराजांच्या टोपलीत पडल्या आणि भाकऱ्यांबरोबर नदीपार गेल्या.

घरी उखाची बायको ठगूबाई चुलीपुढे बसून भांडी आपटत होती. "मोठे तुमचे महाराज! एक शब्द टाकला असता तर काय झिजले असते? उलट जळणाला घेऊन गेले. जा, जाऊन शेकत बसा त्यांच्यासोबत!"

आठ दिवस उखा घराबाहेर पडला नाही. नवव्या दिवशी तो नदी ओलांडून गेला. राख पाहायची मनाची तयारी करूनच गेला होता. पाहतो तर महाराज ओसरीत आडवे झालेले, आणि डोक्याखाली उखाच्या बापाची मोगरी.

"उशीला बरी आहे," डोळे न उघडता महाराज म्हणाले. "जरा टणक आहे. तुझ्या घरची ना, टणकच असणार. बस."

उखा बसला आणि त्याच्या तोंडून आठ दिवस अडकलेलं वाक्य निघालं. "महाराज, मोगरी गेली त्याचं दुःख आहेच. पण कळस पडला. देव उपाशी गेला. मला रात्रंदिवस वाटतं, देव रागावला असंल का?"

महाराज उठून बसले. "मला तुझ्या कामातलं काही कळत नाही बाबा. म्हणून विचारतो. सपाटीवर आडवी मोगरी घातली की रथ किती घसरतो?"

"चार-पाच हात."

"आणि उतारावर?"

"उतारावर कोण घालतो, महाराज? घातली तर वीस-पंचवीस हात तरी..." उखा बोलता बोलता थांबला.

"त्या दिवशी किती घसरला?"

उखाच्या डोळ्यांपुढं चाक आलं, म्हातारीची पाठ आली. "वीतभरसुद्धा नाही," तो पुटपुटला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अस्सं," महाराज म्हणाले. "मग दुसऱ्या बाजूनं कोणी तरी मोगरी धरली असेल. रागावलेला माणूस असं काम करत नाही. जा, जेव जा. ठगूबाईला सांग, महाराज शेकत बसलेले नाहीत."

केवढा मोठा दगड छातीवरून उतरला! पण मोगरी काही परत मिळाली नव्हती. मोगरी म्हणजे उखाचं नाव होतं. गावात तो 'उखा मोगरीवाला' होता, आता नुसता उखा झाला. वर्षभर त्यानं नदीत जाळी टाकली, लोकांची ओझी वाहिली. समोरून कोणी आलं की तो नजर पायाशी नेई. ज्यानं कोणाचं काही चोरलं नाही त्यानं चोरासारखं चालावं, हे ठगूबाईला बघवत नसे. म्हणून ती त्याला जास्तच बोले.

इकडे दिवाळीत भागाबाईनं महाराजांसाठी नवी टोपली विणून आणली. आपल्याला कोणी वाचवलं हे तिला आता कळलं होतं, कोणी तरी हातवारे करकरून सांगितलं होतं. ज्यांनी वाचवलं त्यांना काही देऊ केलं तर ते घेईनात, म्हणून तिनं बांबूच्या बारीक, चिवट कामट्यांची दुहेरी विणीची टोपली महाराजांना दिली. महाराजांनी ती खुंटीला लावून ठेवली आणि आपली जुनी भोकाची टोपलीच डोक्यावर घालून हिंडत राहिले.

पुन्हा आश्विन आला. एकादशीच्या पहाटेच महाराजांनी उखाला बोलावून घेतलं आणि खुंटीवरची टोपली त्याच्या हातात दिली. "ही घे आणि रथापुढची सालपटं उचल."

उखा बघतच राहिला. "मी? सात पिढ्या मोगरी..."

"म्हातारी कशावरून घसरली होती?"

"सालीवरून."

"मग? रथाला हात लावू नको म्हणालेत. रस्त्याला लावू नको असं कोणी म्हणालं नाही."

उखानं टोपली घेतली. वाटेत त्यानं देवळापुढे रथ पाहिला आणि पाय आपोआप तिकडे वळले. यंदा मोगरीचं काम तालमीतल्या दोघा पैलवानांना दिलं होतं. दंडाला तेल, मिशीला तेल. नव्या कोऱ्या मोगऱ्यांना पितळी फुलं ठोकलेली आणि, उखानं डोळे बारीक करून पाहिलं, मोगऱ्यांनाही तेल! तालमीतला मुद्गल रोज तेल पाजून ठेवतात, तसंच या पोरांनी मोठ्या प्रेमानं मोगऱ्यांनाही पाजलं होतं. सूर्यासारख्या चमकत होत्या.

"भाऊ, तेल पुसा," उखा कळवळून म्हणाला. "वाळू घासा. चाकाखाली टिकणार नाहीत."

पैलवान हसला. "टोपलीवाले बाबा, तुम्ही सालपटं सांभाळा."

"पंत, एवढं ऐका—" उखा शेजारी उभ्या पंतांकडे वळला.

"हातात कचऱ्याची टोपली घेऊन देवासमोर उभा राहतोस?" पंत म्हणाले. "बाजूला हो."

रथ निघाला. उखा पुढे वाकून साली उचलत चालला. "बघा, बघा, मोगरीवाल्याचा सालपटवाला झाला!" कोणी ओरडलं, कोणी मुद्दाम त्याच्या पाठीवरच साल फेकली. उखा प्रत्येक वेळी वाके, उचले, टोपलीत टाके. पाठ मोडून आली, पण एक गंमत झाली. दहा वर्षं मोगरीमागे पळताना त्याला ज्या बाया-माणसांचे फक्त पाय दिसले होते, त्यांचे आज चेहरे दिसत होते. एका लेकुरवाळीनं तर "सांभाळून हं दादा" म्हणत आपल्या हातातली साल खाली न टाकता त्याच्या टोपलीत टाकली.

सात थांबे झाले. रथ वेशीपाशी आला. गेल्या वर्षीच्या पडण्यानंतर पंत यंदा वर बसले नव्हते. देवाकडे तोंड करून, उलटी पावलं टाकत, चवरी ढाळत ते रथापुढे चालत होते. उतरण सुरू झाली आणि त्यांची नजर उखाच्या टोपलीवर गेली. "देवाच्या आणि माझ्या मधे हा उकिरडा नको! जा बघू, लांब हो!"

उखा बाजूला झाला, भिंतीला लागून उभा राहिला. समोर त्याची आळी. दारात ठगूबाई, झिपरू. रस्त्यावर केळी पडत राहिली, साली साचत राहिल्या.

रथानं वेग घेतला. पैलवानानं मोगरी चाकाखाली सारली. तेलकट मोगरी साबणासारखी सुटली आणि दहा हातांवर जाऊन पडली. दुसऱ्यानं सारली, तीही सुटली. रथ मोकळा झाला! दोर ओढणारे दोन्हीकडे पांगले. किंकाळ्या उठल्या. पंतांनी उलटं पळायला पाऊल टाकलं, ते सालीवर पडलं, आणि बरोबर भागाबाईच्या दारापुढे श्रीधरपंत उताणे झाले. उठायला गेले, पुन्हा घसरले. वरून तीन मजले धडधडत येत होते.

उखाच्या मनात गावाबाहेरचा रस्ता आला का? आला. खोटं कशाला सांगायचं? बायको-पोरं आणि डोक्यावर बोचकी, हे सगळं त्याला दिसलं. पण त्याच्या आधी त्याचे पाय निघाले होते. हातात ना मोगरी ना लाकूड, फक्त सालपटांनी भरलेली टोपली. बापानं शिकवल्याप्रमाणे त्यानं चाकाकडे पाहिलं नाही. चाकापुढच्या जमिनीकडे पाहिलं.

"महाराज!"

अशी हाक मारून त्यानं ती टोपली चाकापुढे आडवी सारली.

एक कडाका झाला, आणि मग काहीच ऐकू येईना. इतकं शांत की रथावरच्या लहान घंटा किणकिणत होत्या तेवढंच. तीन मजली रथ भागाबाईच्या टोपलीला टेकून उभा होता. एकाच चाकाखाली अडवलेला रथ गर्रकन फिरून आडवा होतो, हे मोगरीवाला जाणतो. हा फिरला नव्हता. वरचा कळस हललासुद्धा नव्हता. आणि टोपलीची एक कामटी मोडली नव्हती! काठावरून एक साल लोंबत होती, ती पंतांच्या नाकाशी आली होती.

पंत पडल्या जागेवरून त्या टोपलीकडे पाहत राहिले. मग त्यांना उखा दिसला. तो दोन्ही हात वर करून उभा होता.

"पंत," उखा म्हणाला, "मी रथाला हात नाही लावला. विचारा कोणालाही. नाही लावला."

त्या एका वाक्यानं श्रीधरपंतांच्या आतलं काहीतरी तुटलं. ज्याचं कौतुक करायचं, तोच स्वतःला निर्दोष ठरवायला साक्षीदार शोधत होता! पंत उठून बसले आणि सगळ्या गावादेखत हुंदके देऊन रडले. गेल्या वर्षी हसणाऱ्या बायांपैकी या वेळी कोणी हसलं नाही. एकीनं पुढं होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात भागाबाईच्या घराचं दार उघडलं. बाहेर काय झालं याचा तिला पत्ता नव्हता. गेल्या वर्षी उशीर झाला म्हणून यंदा ती सकाळपासून तबकात दिवा लावून आत वाट पाहत बसली होती. दारात रथ पाहून तिचा चेहरा उजळला. "आलास? म्हटलं, विसरलास की काय!" ती देवाला म्हणाली, आणि मग पंतांना पाहून दचकून दारातच थबकली.

पंत उठले. पगडी पडली होती, ती त्यांनी शोधली नाही. "ओवाळ, माय," ते म्हणाले. "दोन आरत्या ओवाळ. गेल्या वर्षीची राहिली आहे."

"काय म्हणता?"

"दोन! दोन आरत्या!"

"ऐकू येत नाही, बाप्पा!"

मग सगळी बुरूड आळी आणि सगळी भोई आळी एका सुरात ओरडली, "दो-न!" आणि म्हातारी हसत हसत रडली. देवाच्या उतरणीवर पहिल्यांदा आरती झाली. एक नाही, दोन.

आरती संपते न संपते तोच नदीकडून नगारेवाले दगूतात्या धापा टाकत आले. दोन्ही खांद्यांवर दोन मोगऱ्या. "उखा, महाराजांनी पाठवल्यात. म्हणाले, आता पुढच्या उताराला लागतील."

उखानं बापाची मोगरी हातात घेतली आणि तो चमकला. लाकूड ऊन होतं. आणि त्याच्यावर लोखंडी धावेची खोल, ताजी चीर उमटली होती.

"तात्या, ही चीर कशाची?"

"मलाच विचारू नको बाबा! सकाळपासून आम्ही दहा जण बसलोय तिथं. महाराज मोगरी मांडीवर घेऊन नुसते बसलेले. मघाशी एकदम दोन्ही हातांनी ती दाबून धरली. म्हणाले, 'थांब रे, थांब, म्हातारीचं विणकाम आहे, जपून.' घामानं निथळले. आमच्या डोळ्यांसमोर चीर पडली रे! चाक ना रथ, कुठून पडली?"

उखानं मोगरी कपाळाला लावली. पंतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उखा मोगरीवाले," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "रथ नदीवर न्या." ठगूबाईनं दारातून एवढंच म्हटलं, "जरा जपून, म्हणावं," आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

दिवस कलता कलता रथ नदीवर पोचला. पैलतीराहून महाराज पाणी तुडवत येत होते. डोक्यावर तीच भोकाची टोपली. पंत धावत पाण्यात शिरले आणि त्यांच्या पायांवर पडायला वाकले. महाराजांचे पाय पाण्याखाली होते, पंतांचं कपाळ पाण्याला लागलं.

"उठा पंत, पडसं होईल," महाराज म्हणाले. "काय, मोक्ष मिळाला का?"

"नको महाराज, मोक्ष नको. इतक्यात तरी नको," पंत भिजल्या चेहऱ्यानं म्हणाले. "शिक्षा द्या. उखाला मी शिक्षा केली, मला तुम्ही करा."

महाराजांनी उखाला हाक मारली, त्याच्याकडून भागाबाईची टोपली घेतली, त्यातली सालपटं काठावरच्या गाईपुढे रिकामी केली आणि टोपली पंतांच्या हातात दिली.

"पुढच्या वर्षी ही तुम्ही धरा."

आणि पंतांनी ती धरली. दुसऱ्या वर्षी चिंचवेलचा रथ सात नाही, आठ ठिकाणी थांबला. आठवा थांबा भागाबाईचं दार. मोगरीवर उखा आणि झिपरू, आणि रथापुढं, पगडी घरी ठेवून, श्रीधरपंत. त्यांच्या पाठीला वाकायची सवय नव्हती. पहिल्या थांब्यालाच ती कुरकुरायला लागली. पण दर चार पावलांवर एक साल होती, आणि तिच्यामागे कोणाची तरी म्हातारी, कोणाची लेकुरवाळी सून, कोणाचा बाप अनवाणी चालत येत होता. पंत वाकत राहिले, उचलत राहिले.

गर्दीत उभे असलेले टोपलेमहाराज कौतुकानं पाहत होते. शेजारी कोणी तरी म्हणालं, "महाराज, पंतांनी तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं म्हटलं, तर तुम्ही ठेवू देत नाही."

"अरे, ते सकाळपासून नमस्कारच घालताहेत की," महाराज म्हणाले, आणि हातातल्या केळ्याची साल त्यांनी हळूच पंतांच्या वाटेवर टाकली.

पंत आले, वाकले, साल उचलली. वर पाहिलं तर समोर महाराज. पंत हसले आणि पुन्हा एकदा वाकले. त्या वेळी खाली उचलायला काहीही नव्हतं.